'एकाच पायलटचा सेट' म्हणून मिळणाऱ्या जुन्या विंग्ज घ्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका तरुणाला जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे दोन विंग्ज, म्हणजे वैमानिक गणवेशावर छातीशी लावतात ते पंखांचे बिल्ले, दिसल्या. एक धातूची, तीन इंची, चांदीसारखी, मध्ये ढाल आणि पाठीवर 'स्टर्लिंग' असा ठसा. दुसरी कापडी, पांढरट पंख, मध्ये तपकिरी पानांचं कडं, कड्यात 'आरआयएएफ' ही अक्षरं आणि वर मुकुट. विक्रेता म्हणतो की दोन्ही एकाच पायलटच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या, घरच्यांनी ट्रंक काढली तेव्हा आल्या. दोन्हींचे मिळून 22,000, सुट्या देणार नाही, रविवारपर्यंत थांबतो. तरुणाचं विचारणं एवढंच की ओरिजिनल आहेत का, आणि संग्रहाची सुरुवात यांनी करावी का.

तुम्ही फोटो टाकलेत ते दोन्ही समोरून. मला हवी आहे ती पाठ आणि कड, त्यामुळे अस्सल-नकलीचा निकाल मी इथे देणार नाही. पण एक गोष्ट फोटो न बघताही सांगता येते: हा सेट नाही. मध्ये ढाल असलेली स्टर्लिंगची तीन इंची विंग हे अमेरिकन आर्मी एअर फोर्सेसच्या वैमानिकाचं चिन्ह. आरआयएएफ म्हणजे आपलं रॉयल इंडियन एअर फोर्स. एकाच माणसाने दोन्ही कमावल्या ही गोष्ट कागद दाखवल्याशिवाय मी ऐकूनही घेणार नाही. एका ट्रंकेत मात्र त्या सापडू शकतात. 1942 पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकन विमानं आसाममधल्या चाबुआ, दिनजान, जोरहाटच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला रसद नेत होती, आणि देशभर अमेरिकन पोरं पसरली होती. मेसमध्ये बिल्ल्यांची अदलाबदल सर्रास चाले. तेव्हा विक्रेता खोटंच बोलतोय असं नाही. त्याला स्वतःला फरक माहीत नसेल.

तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. वस्तू त्या काळातली आहे का? ती कोणी अंगावर वागवली का? आणि वागवणारा हाच माणूस का? पहिला प्रश्न भिंग आणि वजनकाट्याने सुटतो. दुसरा बराचसा सुटतो. तिसरा कागदाशिवाय सुटत नाही. आणि 22,000 मधले निम्मे पैसे विक्रेता त्या तिसऱ्याचेच मागतोय.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं डाय, म्हणजे धातूला आकार देणारे पोलादी साचे, बनवले. विमानाशी संबंध एवढाच की लहानपणी लोहगावच्या कुंपणाला नाक लावून उभा राहायचो. विंग्ज गोळा करायला लागलो तो पुण्याच्या जुन्या बाजारात एका तारेवर टांगलेला 'एजी'चा अर्धपंख पाहून. ए.जी. म्हणजे एअर गनर, विमानातला बंदूकधारी, आणि त्याच्या बिल्ल्याला एकच पंख असतो. त्यामुळे धातूच्या बाबतीत माझा हात बसलेला आहे, कापडाचं मी चुका करत शिकलो, आणि जर्मन बिल्ल्यांच्या वाटेला मी जात नाही. तिथे नकलांचा इतका सुळसुळाट आहे की नवख्याने पाऊलच टाकू नये.

आधी धातूची विंग. अस्सल अमेरिकन विंग ठोकलेली असते. पोलादी डाय, त्यावर चांदीचा पत्रा किंवा गट्टू, वरून प्रेसचा दाब, मग कडेचा जादा धातू कापून टाकायचा. नक्कल बहुतेक वेळा ओतलेली असते: अस्सल विंगेचा रबरी साचा, त्यातून मेण, मेणावरून धातू. दोन्ही प्रक्रिया आपापल्या खुणा सोडतात. भिंग दहापटीचं घ्या, घड्याळजीकडे मिळतं तसं. ढालीच्या वरच्या पट्टीत बहुतेक कंपन्यांच्या विंगेवर बारीक आडव्या रेषा असतात, खाली उभे पट्टे. ठोकलेल्या मालात या रेषांच्या कडा नखाला लागाव्यात इतक्या धारदार आणि मधली खाच स्वच्छ असते. ओतलेल्यात रेषा साबणाच्या वडीवर उमटवल्यासारख्या गोलावलेल्या, आणि खाचेच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते धातू थंड होताना अडकलेल्या हवेचे. मग कड बघा. ठोकून कापलेल्या मालाच्या कडेवर कापाच्या बारीक उभ्या रेघा असतात, सगळ्या एका दिशेने. ओतलेल्याच्या कडेवर कानस फिरते, आणि ती माणसाच्या हाताने फिरते, म्हणून रेघा वेड्यावाकड्या. ओतीव माल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहानही भरतो, कारण धातू आणि मेण दोन्ही आकसतात. तीन इंचाला एक-दीड मिलिमीटरचा फरक व्हर्नियरवर सहज पकडता येतो. मात्र त्यासाठी त्याच कंपनीच्या अस्सल विंगेचं माप हाताशी लागतं, कारण प्रत्येक कंपनीचा डाय वेगळा.

इथे माझी फजिती सांगतो. 2009 मध्ये परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी एका नामांकित न्यूयॉर्कच्या कंपनीच्या ठशाची विंग घेतली, चौदा हजारांना. सुंदर काळसर झाक, ठसा ठळक. दोन महिने कपाटात मिरवली. मग दुसऱ्या एका विक्रीत तीच विंग दिसली. म्हणजे तशीच, वेगळी वस्तू. फोटो मोठा केला तर डाव्या पंखाच्या तिसऱ्या पिसावर एक तिरपा ओरखडा. माझ्या विंगेवरही डाव्या पंखाच्या तिसऱ्या पिसावर तिरपा ओरखडा. टूलरूमवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. डायवर चरा पडला तर तो मालावर उंचवटा होऊन उमटतो, खाच होऊन नाही. दोन विंग्जवर एकाच जागी सारखी उंच रेघ असेल तर चांगलं, दोन्ही एकाच डायच्या. पण दोघींवर एकाच जागी खोल ओरखडा असेल, तर कोणाच्या तरी मूळ विंगेवर तो वापरात पडला, आणि पुढच्या सगळ्या तिच्यावरून ओतल्या गेल्या. माझी चौदा हजारांची विंग ही त्या पुढच्यांपैकी. पैसे परत मिळाले नाहीत. विंग मी जपून ठेवली आहे, नवीन मुलांना ओरखडा दाखवायला.

आता चांदी. 'स्टर्लिंग' म्हणजे 92.5 टक्के चांदी, आणि ठसा कोणीही मारू शकतो. वस्तू खरंच चांदीची आहे का हे घरी दहा मिनिटांत कळतं. सोनाराचा छोटा काटा घ्या, शंभरांश ग्रॅम दाखवणारा. आधी विंग कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. विंग बारीक सुती दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-काठाला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे विंगेने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. माझ्याकडची एक विंग 16.80 ग्रॅम, पाण्यात आकडा आला 1.65. भागाकार 10.2 च्या आसपास. स्टर्लिंगची घनता 10.3 ते 10.4, पिन दुसऱ्या धातूची असल्याने थोडं कमी येतं. जर्मन सिल्व्हर (फक्त नावात चांदी असलेला तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) असेल तर पावणेनऊच्या जवळपास, आणि शिसं-कथिलाच्या जातीतला पांढरा धातू असेल तर बऱ्याचदा सव्वासात-साडेसात. विंगेवरचे पाण्याचे बुडबुडे पिसाने झटका, नाहीतर उत्तर चुकतं. पाठ बंद करून आत पोकळी ठेवलेला बिल्ला असेल तर हा प्रयोग उपयोगाचा नाही. आणि कापडी किंवा जरीच्या बिल्ल्यावर हा प्रयोग करायचा नाही हे सांगायची वेळ येऊ नये, पण एकदा आली आहे.

घरी करायचा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा. एक्स-रेने धातू तपासायचं यंत्र आता बऱ्याच ठिकाणी असतं, ते वस्तूला इजा करत नाही. फक्त त्याला कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. माझ्या एका मित्राच्या 1940 च्या दशकातल्या विंगेचं टोक असंच गेलं.

चांदी खरी निघाली म्हणजे जिंकलात असं मात्र समजू नका. चांदीत नक्कल ओतायला बंदी थोडीच आहे? शिवाय अमेरिकेच्या हवाई दलाने 1947 मध्ये स्वतंत्र झाल्यावरही वैमानिकाच्या विंगेचा नमुना तोच ठेवला, आणि स्टर्लिंगच्या विंग्ज युद्धानंतरही कित्येक वर्षं बनत राहिल्या. म्हणजे अस्सल, चांदीची, अमेरिकन, वैमानिकाची, आणि तरीही दुसऱ्या महायुद्धातली नाही, असं होऊ शकतं. इथे पाठीवरच्या बारीक खुणा कामी येतात. उदाहरणार्थ '22 एम' हा आकडी ठसा एन. एस. मेयर या कंपनीचा, पण तो युद्धानंतरच्या काळातला. त्याच कंपनीच्या युद्धकाळातल्या मालावर ढालीच्या आकाराचं चिन्ह दिसतं. ठसा नसला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, आणि असला म्हणून खरीही नाही. पाठीची पिन बघा: लांब आडवी पिन आणि फिरवून बंद होणारी कडी, की दोन टोकदार खिळे आणि त्यांवर चिमटीत दाबून सुटणाऱ्या टोप्या? या टोप्या 1940 च्या दशकात आल्या. पहिल्या महायुद्धातली म्हणून दाखवलेल्या विंगेच्या पाठीला त्या असतील तर हसून पुढे चालायला लागा. दुसऱ्या महायुद्धातल्या विंग्जवर दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा तिथे एवढ्यावरून निवाडा होत नाही.

कापडी विंग. खरं तर मला तुमच्या या दोन वस्तूंत हीच जास्त खुणावते. तिच्या बाबतीत कॅलेंडर तुमच्या बाजूने आहे. भारतीय हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची, पण नावाला 'रॉयल' लागलं मार्च 1945 मध्ये, आणि 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झालं तेव्हा ते गेलं. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे कड्यात 'आरआयएएफ' आणि वर मुकुट, हा मेळ जेमतेम पाच वर्षांचा. यातून दोन गोष्टी निघतात. एक, अशा विंग्ज मुळातच कमी. दोन, 'दुसऱ्या महायुद्धातली' हे विधान या विंगेपुरतं मार्च ते ऑगस्ट 1945 एवढ्या काही महिन्यांवर उभं आहे. त्या माणसाने 1942 मध्ये विंग्ज मिळवल्या असतील, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडालाही असेल, पण ही विशिष्ट कापडी पट्टी त्याच्या गणवेशावर नंतर शिवली गेली. ती 1947 किंवा 1948 ची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. विंग म्हणून तिचं महत्त्व त्याने कमी होत नाही. विक्रेत्याची गोष्ट मात्र थोडी आकसते.

ब्रिटिश घराण्यातल्या सगळ्याच विंग्जना हीच अक्षरांची आणि मुकुटाची किल्ली लागते. 'आरएफसी' म्हणजे रॉयल फ्लाइंग कोर, विंगेचा हा नमुना 1913 चा. 1 एप्रिल 1918 ला रॉयल एअर फोर्स झालं आणि अक्षरं बदलली. मुकुटाचं असं: 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वर घुमटासारखा गोल उचललेला राजाचा मुकुट, राणी एलिझाबेथच्या काळात मध्यभागी किंचित खाली दबलेला मुकुट. आम्ही वर्षानुवर्षं नवख्यांना शिकवत आलो, गोल मुकुट म्हणजे जुना माल. आता ते चालत नाही. राजे चार्ल्स यांनी 2022 मध्ये पुन्हा गोल घाटाचा मुकुट निवडला, आणि नव्या बिल्ल्यांवर तोच येतोय. नवी कोरी विंग चहाच्या पाण्यात बुडवली की दूरच्या फोटोत ती 1943 ची दिसायला लागते.

चहा ओळखायचा कसा? पाठ बघा. गणवेशावर शिवलेल्या विंगेच्या कडेचं जादा कापड आत दुमडलेलं असतं. त्या दुमडीला ऊन लागत नाही. दुमड हलकेच उचललीत तर आतला गडद निळा किंवा काळा रंग ताजा, आणि बाहेरचा उडालेला. मी पहिल्यांदा अशी दुमड उचलली तेव्हा आतून इतका गडद रंग निघाला की आधी वाटलं ओल लागली आहे. चहाने रंगवलेल्या पट्टीत आत-बाहेर एकच पिवळट छटा असते, कारण रंग उन्हाने नाही, पातेल्याने दिलेला. कडेने सुईची भोकं असतात, काही जुन्या दोऱ्याचे तुकडेही अडकलेले. गणवेश बदलला की विंग उसवून पुन्हा शिवत, त्यामुळे भोकांच्या दोन ओळी दिसल्या तर मला आनंदच होतो. भोकं अजिबात नसतील तर वस्तू खोटी असं नाही. दुकानात किंवा ट्रंकेत न वापरलेली राहिलेली असू शकते. मग तुमचा दुसरा प्रश्न, 'कोणी अंगावर वागवली का', याचं उत्तर 'नाही' एवढंच.

नोटा तपासायची जांभळी बॅटरी असेल तर अंधारात तिच्या उजेडात विंग धरा. आजचे सिंथेटिक दोरे आणि शुभ्रतेसाठी रसायन लावलेले पांढरे दोरे निळसर लखलखतात. जुना सुती-रेशमी दोरा मंद राहतो. पण ही कसोटी एकमार्गी आहे. न लखलखणारा दोरा आजही मिळतो, आणि जुनी अस्सल विंग कोणी 1970 मध्ये डिटर्जंटने धुतली असेल तर तीही चमकेल. म्हणून लखलखली तर पुढे चौकशी करायची, फेकून द्यायची नाही.

एक गल्लत मी दर काही महिन्यांनी बघतो. कोणी तरी पिन असलेली, छोटी, धातूची, 'आरएएफ' अक्षरांची विंग आणतो, बहुतेकदा इनॅमल किंवा शिंपल्याचं काम केलेली, आणि म्हणतो आजोबांची. रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकाची गणवेशावरची विंग कापडी, भरतकामाची. पिनवाल्या त्या नाजूक विंग्ज बहुतांशी ब्रूच असतात, वैमानिकांनी बायकोला, वाग्दत्त वधूला, आईला दिलेल्या. त्यांचाही छान संग्रह होतो, पण तो निराळा. अपवाद आपल्याकडचाच आहे: उष्ण प्रदेशात खाकी गणवेश रोज धोब्याकडे जायचा, त्यामुळे काढता-घालता येतील अशा, टिचबटणं किंवा पिन लावलेल्या विंग्जही वापरात होत्या. अशी मिळाली तर पाठीचं शिवणकाम बघा. कोणत्या तरी कॅन्टोन्मेंटच्या शिंप्याचा हात त्यात दिसतो.

आणि जरी. अमेरिकन पोरांनी भारतात असताना बाजारातल्या कारागिरांकडून जरीच्या विंग्ज, चामड्याचे पट्टे, सोनारांकडून हाताने कोरलेल्या चांदीच्या विंग्ज करून घेतल्या. आपल्या देशात बनलेला हा माल परदेशी संग्राहक आज हौसेने घेतात. डाय नाही, ठसा नाही, दोन वस्तू सारख्या नाहीत, म्हणून मला हा प्रकार सगळ्यांत देखणा वाटतो, आणि याच कारणाने तो सगळ्यांत धोक्याचा. वाराणसीच्या लल्लापुऱ्यात आणि तिकडे सियालकोटला जरीचे लष्करी बिल्ले आजही हाताने बनतात, जगभरच्या सैन्यांसाठी, राजरोस. त्यात त्या कारागिरांचा काही दोष नाही. दोष पुढे कोणी तो बिल्ला 1944 चा म्हणून विकतो त्याचा. जुनी जरीची तार काळवंडते ती खोबणीत आधी, उंचवट्यावर नंतर, आणि पाठीचा कागद किंवा कांजीचं कापड ठिसूळ होऊन कडेला तुटतं. मी तरी जरीची विंग हातात न घेता विकत घेत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत तुम्हीही घेऊ नका.

आता तिसरा प्रश्न, माणसाचा. वैमानिकाकडे उड्डाणांची नोंदवही असते. ब्रिटिश पद्धतीत पायलटची वही म्हणजे फॉर्म 414, आणि ऑब्झर्व्हर (विमानातून टेहळणी करणारा) आणि गनरची फॉर्म 1767. तारीख, विमानाचा प्रकार, सोबत कोण, किती तास, सगळं हाताने लिहिलेलं. विक्रेत्याला एवढंच विचारा: ट्रंक आली म्हणता, मग वही कुठे आहे? पगारपत्रक, फोटो, पाकीट, काहीही? नाव असलेला एक कागद मिळाला तर पुढचं शोधता येतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि पदकं 'लंडन गॅझेट'मध्ये छापून येत, ते आज घरबसल्या पाहता येतं. स्क्वाड्रनच्या रोजच्या कामगिरीच्या नोंदी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कागद नसेल तर नाव विसरा. नावाला किंमत फार चढते आणि नाव सांगायला काही पैसे पडत नाहीत. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोरमधून उडालेले भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर, एरॉल सेन. यांपैकी एकाची विंग म्हणून मला आजवर दोनदा वस्तू दाखवली गेली. दोन्हींच्या कड्यात 'आरएएफ' होतं आणि दोन्हींचा दोरा जांभळ्या उजेडात दिवाळीसारखा लखलखला.

वही मिळालीच तर एक विनंती. देवळालीतल्या एका घरी मला वही आणि विंग एकत्र दाखवली होती, रद्दीच्या भावात द्यायला तयार होते. मी त्यांना वहीतलं एक पान वाचून दाखवलं, रात्रीच्या उड्डाणाचं, आणि ते घर विकायचंच थांबलं. माझ्या संग्रहाला एक विंग कमी मिळाली. मला अजून तो सौदा चांगला वाटतो.

संग्रह सुरू करावा का? करा, पण एवढ्या महागड्या वस्तूने नको. साध्या अर्धपंखांपासून करा. ब्रिटिश पद्धतीत पायलटला दोन पंख, विमानातल्या बाकी लोकांना एक पंख आणि कड्यात अक्षर. ऑब्झर्व्हरचा 'ओ' 1915 चा, एअर गनरचा 'एजी' डिसेंबर 1939 चा, आणि 1942 मध्ये मार्ग आखणाऱ्या नॅव्हिगेटरचा 'एन', बॉम्ब टाकणाऱ्याचा 'बी' वगैरे. हे मोठ्या संख्येने बनले, तुलनेने स्वस्त आहेत, आणि पंधरा-वीस हातांखालून गेले की बोटांना कापड कळायला लागतं. अमेरिकन बाजूला दोन इंची शर्टावरच्या विंग्ज तीन इंचीपेक्षा परवडतात. खरा माल बघायचा तर दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय आहे, आणि गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय. काचेआडून पाठ दिसत नाही ही खंत तिथेही राहतेच.

कायद्याचं दोन वाक्यांत. जुनी विंग संग्रहात ठेवणं वेगळं आणि सैनिक असल्याचं भासवायला चिन्ह लावून हिंडणं वेगळं. हे दुसरं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, म्हणून सध्याच्या भारतीय हवाई दलाच्या विंग्ज मी घेतही नाही, लावतही नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, हस्तलिखित नोंदींना हीच मर्यादा 75 वर्षांची आहे. तेव्हा 'आरएफसी'ची विंग किंवा युद्धातली वही परदेशी गिऱ्हाइकाला पोस्टाने धाडायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

घेतलीत तर चांदीला पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी यातलं काही लावू नका. ती काळी झाक ऐंशी वर्षांत आली आहे, आणि पाच मिनिटांत जाते. रबरबँड आणि लोकरी कापड चांदीजवळ नको, त्यातल्या गंधकाने ती आणखी काळवंडते. कापडी विंग धुवायची नाही. कसर लागली असेल तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बायकोला आधी सांगून. आमच्याकडे एकदा मटारांबरोबर एक नॅव्हिगेटर बाहेर आला होता.

आता तुमच्या रविवारचं. विक्रेत्याला आजच फोन करून दोन्हींच्या पाठीचे आणि कडेचे फोटो मागा, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. दिले नाहीत तर जाऊच नका. दिले तर भिंग, काटा, सुती दोरा आणि जांभळी बॅटरी घेऊन जा, पाण्याचा पेला तिथे मिळेल. कापडी विंगेची दुमड उचलून बघा. आतला रंग गडद निघाला आणि सुईची भोकं असली तर मी तिच्यासाठी त्या 22,000 पैकी मोठा हिस्सा द्यायला तयार होईन. अमेरिकन विंग काट्यावर चांदीची आणि भिंगाखाली ठोकलेली निघाली तर तिचा भाव वेगळा करा, आणि तो करताना युद्धातली की नंतरची हे सिद्ध झालेलं नाही असं धरून करा. 'सेट आहे' म्हणून तो अडून बसला तर वहीचं विचारा. वही नाही म्हणाला, की तुमचा आकडा सांगा आणि चहा घ्या. जुन्या बाजारातला माझा अनुभव असा की पहिला कप संपेपर्यंत सेट फुटतो.

पाठीचे फोटो आले की इथे टाका. पिनेच्या मुळाशी डाग (सोल्डर) दिलाय तिथला एक जवळून काढा, म्हणजे पिन नंतर बदललेली आहे का ते सांगता येईल.